आठ फुटी डोण

नमस्कार श्रोतेहो.

मी मूळचा मिरज तालुक्यातल्या एका खेड्यातला. सारी नोकरी आयटीआयमध्ये पोरांना फिटरचं काम शिकवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर मे ते ऑक्टोबर असे सहा महिने लेकीकडे अमेरिकेत राहून आलो. टेक्सास राज्यात ऑस्टिन नावाचं शहर आहे, त्याच्या पूर्व अंगाला तिचं घर. तिथल्या अंगणात आम्ही एक टाकी बसवली. आज तुम्हाला तेवढंच सांगणार आहे.

ऑस्टिनचा उन्हाळा कसा, तर आपल्या सोलापूरचा एप्रिल घ्यायचा आणि चार महिने ताणायचा. २०२३ साली तिथे सलग ४५ दिवस दुपारचा पारा १०० फॅरनहाइटच्या, म्हणजे जवळजवळ ३८ सेल्सिअसच्या खाली उतरला नव्हता. गावात बार्टन स्प्रिंग्ज म्हणून झऱ्याचं मोठं कुंड आहे, जवळजवळ तीन एकरांचं. पाणी बारा महिने २०-२१ अंशांवर. स्वर्ग आहे. पण रविवारी गाडी लावायला जागा मिळेपर्यंत आपण घामानेच न्हाऊन निघतो.

सात वर्षांच्या नातीने हट्ट धरला, की घरीच तलाव पाहिजे. जावयांनी एका कंत्राटदाराला विचारलं. आकडा ऐकल्यावर ते दोन दिवस घरात कुणाशी फारसं बोलले नाहीत. शेवटी शेजारच्या आजोबांनी कुंपणावरूनच तोड सांगितली. हे आजोबा गुरांच्या रँचवर वाढलेले. म्हणाले, "आम्ही काय तलावात पोहलो होय? गुरांच्या टाकीत पोहलो. फीड स्टोअरमध्ये जा आणि आठ फुटी घेऊन या."

फीड स्टोअर म्हणजे पेंड, भुसा, दावी, खिळे मिळायचं दुकान. तिथे मागच्या आवारात या टाक्या एकात एक घालून ठेवलेल्या असतात. जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्याच्या, गोल, व्यास ८ फूट, उंची २ फूट. काठ नळीसारखा वळवलेला, अंगावर आडव्या पन्हाळी, तळाशी निचऱ्याला एक बूच. पाणी मावतं सुमारे ७०० गॅलन. कडक उन्हात एकेक गाय दिवसाला ७०-७५ लिटर पाणी पिते, त्या हिशेबाने बनवलेली वस्तू आहे ही. तिकडे लोक याला कौतुकाने काउबॉय पूल म्हणतात. मला मात्र पाहताक्षणी डोण आठवली. आमच्या मळ्यात विहिरीच्या कडेला दगडी डोण होती, बैलांना पाणी पाजायची. मोट रिकामी झाली की थारोळ्यात पाणी उसळायचं, तिथून पाटाला आणि थोडं डोणीत. आम्ही पोरं थारोळ्यात बसायचो आणि तिथून हाकललं की डोणीत. डोणीतून हाकलायला आजी यायची, हातात जे असेल ते घेऊन.

शेजारच्या आजोबांनी आणखी एक गंमत सांगितली. टेक्सासमध्ये टँक म्हणजे नुसती पत्र्याची टाकी नव्हे, रानात खणलेल्या तळ्यालाही तिथे टँकच म्हणतात. आपलं शेततळं म्हणा ना. मग मी घरी येऊन शब्दकोश उघडला. इंग्रजीतला टँक हा शब्द हिंदुस्थानातून गेला, गुजराती-मराठीतल्या टाक्यावरून, असं तिथे दिलं आहे. पोर्तुगीज तांके शब्दाचाही त्यात हात आहे म्हणतात, आणि कुणाचा किती यावर कोशकारांत वाद आहे. तो त्यांचा त्यांनी मिटवावा. सिंहगडावरच्या देवटाक्याचं पाणी प्यालेल्या माणसाने निकाल कुठल्या बाजूने द्यायचा हे वेगळं सांगायला नको.

तर टाकी आणली. वजन फार नाही, दोघांनी चाकासारखी काठावर उभी करून मागच्या अंगणात घरंगळत नेली. आता यात अवघड ते काय, असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं, आणि तिथेच चुकलो.

गवत खरवडलं, वर दोन पाट्या वाळू पसरली, टाकी ठेवली. लेकीने फोनमधली पाणसळ काठावर ठेवून पाहिली. हिरवा ठिपका मधोमध. लावला पाइप. पाणी अर्ध्यावर आलं तेव्हा नात म्हणाली, "आजोबा, पाणी वाकडं आहे." पाणी कसं वाकडं असेल? टेप लावली. कुंपणाकडे काठापासून पाण्यापर्यंत ११ इंच, घराकडे साडेबारा. दीड इंचाचा फरक. आठ फुटांवर दीड इंच म्हणजे कुणी म्हणेल, चालतंय. अजिबात चालत नाही. सगळा भार एका अंगाला जातो, आणि गोल काठाच्या शेजारी तिरकी पाणरेषा लांबूनसुद्धा डोळ्यांत खुपते. वर्गात पोरांनी बनवलेला जॉब, म्हणजे सरावाचा तुकडा, सुतात तिरका असला तरी मी परत करायला लावत असे. बूच काढलं. चौदाशेच्या आसपास लिटर पाणी गेलं. अजून त्यात औषध घातलं नव्हतं, म्हणून शेजाऱ्यांच्या पिकॅनच्या झाडाला सोडलं. झाडाचा फायदा झाला.

खणायला लागलो तेव्हा खरं कारण दिसलं. त्या भागात आपल्यासारखी काळी माती आहे. अगदी आपल्यासारखी: ओली झाली की फुगते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा. ह्यूस्टन ब्लॅक नावाच्या काळ्या मातीला तर टेक्सासची राज्यमाती म्हणतात. दुष्काळात तिथले लोक घराच्या पायाला पाणी घालतात. हो, पायाला, रोपाला घालावं तसं! भिंतीलगत झिरपणारी नळी टाकून ठेवतात, म्हणजे माती आकसून पाया खचू नये. असल्या मातीवर वाळू पसरून टाकी ठेवणं म्हणजे गादीवर घंगाळ ठेवणं.

दुसऱ्यांदा नीट केलं. नऊ फुटांचा गोल आखून सहा इंच खणलं. त्यात चार इंच मुरूम. तिकडे ग्रॅनाइटचा भुगा मिळतो, तांबूस, हुबेहूब मुरमासारखा. तो दोन थरांत पाणी मारून धुमसाने ठोकला. वर इंचभर बारीक वाळू. आणि पातळीला फोन बाजूला ठेवून आपल्या गवंड्याची नळी घेतली. दुकानातून वीस फूट पारदर्शक नळी आणली, पाणी भरलं, आतला हवेचा एकेक बुडबुडा टिचक्या मारून काढला. बुडबुडा राहिला तर नळी चक्क फसवते. मध्ये एक खुंटी, कडेने आठ. एक टोक मधल्या खुंटीशी नातीने धरायचं, दुसरं मी एकेका खुंटीशी न्यायचं, पाणी स्थिरावलं की खूण. उन्हात दोन तास लागले. जावई म्हणाले, "बाबा, लेझरचं यंत्र भाड्याने मिळतं." मी ऐकलं नाही असं दाखवलं. टाकी भरली तेव्हा चारी बाजूंनी काठापासून पाणी बरोबर चार इंच. म्हणजे आत २० इंच पाणी, सुमारे २४०० लिटर.

पण त्याआधी पत्र्याला भोकं पाडायची होती. नवीकोरी टाकी, आणि तिला तीन इंची दोन भोकं! लेकीने तोंड फिरवलं. गाळणीच्या पंपाला एक नळी पाणी ओढायला लागते, एक परत सोडायला. ओढायची खाली, तळापासून चार-पाच इंचांवर. सोडायची वर आणि थोडी लांब, म्हणजे पाणी गोल फिरतं आणि कचरा एका जागी बसून राहत नाही. पन्हाळीवर भोक घेतलं तर वॉशर बसत नाही, गळतं. सपाट पट्टी पाहायची. आधी फिटिंग मोजायचं, मग होलसॉ, म्हणजे गोल भोक पाडायची करवत, निवडायचा. उलटं करणारे माझ्या वर्गात दरवर्षी दोन-चार निघत. सेंटर पंच, मग ड्रिल अगदी हळू आणि तेलाचे थेंब सोडत. ड्रिल पळवलं की पत्रा तापतो आणि दाते जातात. कडेची बर, म्हणजे कापताना उरलेली धारदार कोर, अर्धगोल कानसीने साफ केली. कापलेल्या कडेवरचं जस्त गेलेलं असतं, तिथे जस्ताचा रंग लावला, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो. मग रबरी वॉशर, सिलिकॉन, नट. आणि २४ तास हात लावायचा नाही. हे शेवटचं सगळ्यात कठीण गेलं, कारण नात पोहायचे कपडे घालून दारात बसली होती. पाणी ओढायच्या तोंडावर आतून जाळी पक्की हवी. मुलीचे लांब केस त्यात ओढले जाऊ नयेत.

पंप टाकीबाहेर, पण पाण्याच्या पातळीच्या खाली ठेवायचा, हे पंप वर ठेवले तर स्वतःहून पाणी खेचत नाहीत. आमचा तासाला हजार गॅलनचा होता, म्हणजे सगळं पाणी साधारण पाऊण तासात एकदा गाळून निघे. विजेच्या बाबतीत तिकडे कडक आहेत. अंगणातल्या सॉकेटला असं यंत्र असतं, की पाच मिलिअँपिअर करंट भलतीकडे गेला की वीज बंद. आपल्याकडे घरात आरसीसीबी असते, जुने वायरमन ईएलसीबी म्हणतात, ती तीस मिलिअँपिअरला पडते. ती नसेल तर पाण्याजवळ पंप लावूच नका. एक्स्टेन्शन ओढून तर मुळीच नको.

आता औषध. २४०० लिटर पाण्याला लागतं किती, अंदाज करा. दहा लाखाला दोन भाग क्लोरीन धरलं, तर साध्या, बिनवासाच्या, सहा टक्क्यांच्या ब्लीचची जेमतेम अर्धी वाटी! जावयांनी क्लोरीनच्या बादलीभर गोळ्या आणून ठेवल्या होत्या. उन्हाने क्लोरीन उडून जातं, म्हणून रोज संध्याकाळी कागदी पट्टी बुडवून रंग पाहायचा आणि लागेल तेवढंच घालायचं. पीएच ७.२ ते ७.६ ठेवायचा. जस्त फार लाडावलेला धातू आहे, त्याला आंबट सोसत नाही आणि खारही सोसत नाही. मिठाच्या पाण्याचं यंत्र म्हणूनच इथे नको, आणि पितळ-तांब्याची फिटिंगही नको. दोन धातू पाण्यात शेजारी आले की जस्त आधी झिजतं. गोळीचं काय होतं ते आम्ही पाहिलं. तरंगत्या डबीतली एक गोळी नातीने काढून पाहिली, हातातून सुटली, रात्रभर तळाशी पडून राहिली. सकाळी तिथे रुपयाएवढा खरबरीत डाग, जस्त खाऊन टाकलेलं. डाग दिसला त्यापेक्षा त्या गोळीला पोरीने हात लावला होता याचा मला जास्त राग आला, आणि तो मी चुकीच्या माणसावर, म्हणजे डबी उघडी ठेवणाऱ्या जावयांवर काढला. संध्याकाळी चहा मीच केला.

अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी २४ इंचांहून खोल पाणी असलं तर भोवती कुंपण सक्तीचं आहे. दोन फुटी टाकी त्यातून निसटते. पण एक ते चार वर्षांची जी मुलं त्या देशात दगावतात, त्यांत बुडून जाणारी सर्वांत जास्त. त्यांना वीस इंच फार झाले. आमचा नियम असा होता, की मोठं माणूस उठलं की शिडी उचलून घरात. फोन वाजला तरी शिडी आधी.

परत आल्यावर इथे मला बरेच जण विचारतात, आमच्या गच्चीवर करू का? नका करू. दोन फूट पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ६०० किलो. घराचे मजले साधारण २०० किलोच्या हिशेबाने बांधतात, गच्ची त्याहून कमी. जमिनीवर करा. आणि झाकून ठेवा. पंप आठवडाभर बंद राहिला तर डासांना तेवढा वेळ पुरतो. आपल्याकडे आठवड्याचा कोरडा दिवस पाळायला सांगतात तो त्यासाठीच.

पाण्याच्या नासाडीबद्दलही बोलणं होतं, आणि टँकरवर जगणाऱ्या गावात ही हौस करू नये हे मलाही मान्य आहे. पण हिशेब पाहा: हवा भरायचा ३०० लिटरचा टब दर दोन दिवसांनी ओतून दिला तर सोळा दिवसांत २४०० लिटर गेले. आम्ही एकदा भरलेलं पाणी जूनपासून ऑक्टोबरपर्यंत वापरलं. उडालेलं तेवढं भरत होतो. शेवटी आठ दिवस औषध बंद ठेवून, पट्टी कोरी आल्यावर, ते गवताला सोडलं. पंप काढून गॅरेजमध्ये ठेवला आणि मी विमानात बसलो.

यंदा त्यांनी माझ्याशिवाय भरली. मार्चमध्ये तिथल्या ओकची सगळी जुनी पानं एकदम गळतात, ती झाडून काढल्यावर. गेल्या रविवारी नातीचा फोन आला. "आजोबा, शिडीकडे सव्वाचार आहे आणि कुंपणाकडे पावणेचार." जावई मागून म्हणत होते, दिसतसुद्धा नाही. मी विचारलं, शिडीकडे पाणी सांडतं का? तर सांडतं म्हणे, सगळे तिथूनच उड्या मारतात. म्हणजे त्या अंगाची माती भिजून फुगली आणि कुंपणाकडची वाळून बसली. म्हटलं, कुंपणाकडच्या मातीला रोज एक बादली घाल आणि पुढच्या रविवारी परत मोज. टेप मात्र तीच घे, पिवळी.