परसातल्या जुन्या कळपात नव्या तलंगा

[दृश्य : परस. मूठभर ज्वारी जमिनीवर पडते, कोंबड्या धावत येतात.]

दाणे टाकल्यावर पहिली चोच कोण मारतं, ते बघा. तांबडी पुढे आली की ठिपक्यांची बाजूला सरते. ठिपक्यांची मान वर करते, तोच काळी दोन पावलं मागे जाते. इथे भांडण दिसत नाही, कारण ते कधीच मिटलेलं आहे. १९२१ साली नॉर्वेच्या थोरलेफ शेल्डरुप-एब्बे यांनी कोंबड्यांमधली ही उतरंड पहिल्यांदा शास्त्रीय नोंदी ठेवून मांडली. कोणी कोणाला टोचायचं आणि कोणाचं टोचणं निमूट सोसायचं, हे कळपातल्या प्रत्येकीला ठाऊक असतं.

या कळपात चार-पाच नव्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, सोडल्या, की ही उतरंड पहिल्या पायरीपासून पुन्हा ठरते. ती चोचीनेच ठरणार. टोचाटोची बंद पाडणं पाळणाऱ्याच्या हातात नाही. टोचणी खाणाऱ्या तलंगेला पळायला वाट मिळाली पाहिजे आणि तिचं पोट भरलं पाहिजे, एवढं मात्र नक्की त्याच्या हातात आहे.

[दृश्य : घराच्या दुसऱ्या बाजूला वेगळं खुराडं. आत पाच तलंगा.]

बाजारातून किंवा दुसऱ्याच्या घरून आणलेले पक्षी तीन ते चार आठवडे वेगळे ठेवायचे. जुन्या खुराड्यापासून जमेल तितके लांब. दाण्याची-पाण्याची भांडी वेगळी, चपलासुद्धा वेगळ्या. रोज आधी जुन्या कोंबड्यांचं काम उरकायचं, मग नव्यांकडे जायचं. याच्या उलट कधीच नाही. राणीखेत, म्हणजे गावाकडची मानमोडी, एकदा खुराड्यात शिरली की लस न टोचलेला कळप बघता बघता रिकामा होतो. विकणाऱ्याला लसीकरणाचं नेमकं विचारा. पहिल्या आठवड्यात लासोटा, म्हणजे राणीखेतची लस, दिली होती का? चौथ्या आठवड्याच्या सुमाराला तिचा दुसरा डोस झाला का? देवीची लस? उत्तर गुळमुळीत आलं, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून राहिलेल्या लसी आणि जंताचं औषध याच दिवसांत उरका. शेवटच्या लसीनंतर दोन आठवडे तरी जाऊ द्यावेत.

[दृश्य : जुनी कोंबडी आणि तलंग शेजारी शेजारी, तराजूवर.]

वयापेक्षा अंगाने मोठी झाली का, ते बघायचं. नवी तलंग जुन्या कोंबडीच्या निदान दोन तृतीयांश आकाराची हवी. बहुतेक जातींत त्यासाठी बारा आठवडे लागतात. आठ आठवड्यांचं पिल्लू अंगाने लहान असतं आणि मोठ्या कोंबडीची चोच थेट डोक्यावर बसते. एकटी तलंग कधीच सोडू नये, सगळा मार तिच्या एकटीवर येतो. दोन तरी हव्यात, चार-पाच असतील तर उत्तम. वनराजासारखी वजनदार जात चपळ देशी कोंबड्यांत सोडताना अधिक लक्ष ठेवा. अंग मोठं असलं, तरी पळण्यात ती मागे पडते.

[दृश्य : खुराड्याच्या मधोमध जाळी ठोकली जात आहे.]

आता जाळी. ती अर्ध्या इंचाची घ्या. मोठ्या भोकांतून चोच आणि मान आरपार जाते. जुन्या खुराड्याचा किंवा आवाराचा एक कोपरा जाळीने वेगळा करून तलंगा तिथे ठेवायच्या. एकमेकींना दिसाव्यात, ऐकू याव्यात, पण अंगाला लागू नयेत. दोन्ही बाजूंची दाण्याची भांडी जाळीला लागून ठेवा, म्हणजे समोरासमोर खाण्याची सवय होते. हे दहा ते चौदा दिवस चालू द्या. जुन्या कोंबड्या जाळीवर झेपावणं सोडून आपापलं उकरायला लागल्या, म्हणजे पुढचं पाऊल टाकायची वेळ आली.

या दिवसांत तलंगांची विष्ठा रोज बघायची. रक्ती हगवणीचे सूक्ष्म जीव जुन्या कोंबड्यांच्या पोटात काही लक्षण न दाखवता राहतात आणि नव्या पक्ष्यांना पाडतात. पंख पाडून, पिसं फुगवून बसलेली तलंग दिसली, विष्ठेत रक्त दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पाण्यातून देण्याचं औषध वेळेवर मिळालं तर पक्षी वाचतो. खुराड्यात खाली अंथरलेल्या ओल्या तुसात हे जीव फोफावतात, म्हणून ओलं झालेलं तूस लगेच काढून कोरडं घालायचं. पावसाळा सरल्यावर, दिवाळीनंतर कळप एकत्र करणं सोयीचं, त्याचं कारणही हेच.

[दृश्य : आवारात टेकवलेली फळी, उलटं डालगं, कडब्याच्या पेंढ्या.]

जाळी काढण्याआधी आवार मांडून घ्या. भिंतीला फळी तिरकी टेकवा. डालगं विटांवर उलटं ठेवा, म्हणजे खालून शिरता येईल. कडब्याच्या दोन-तीन पेंढ्या मध्ये उभ्या करा. आडोशाला दोन्ही बाजूंनी वाट ठेवा, हे फार महत्त्वाचं आहे. एकाच तोंडाच्या कोपऱ्यात अडकलेली तलंग डोकं खाली घालून बसते आणि मागची कोंबडी टोचतच राहते. जीव जातो तो बहुधा अशाच कोपऱ्यात. दाण्याची भांडी किमान दोन, पाण्याचीही दोन, आणि एकीकडे उभं राहिल्यावर दुसरं दिसणार नाही अशा जागी. एकच भांडं असेल, तर वरचढ कोंबडी त्यावर पहारा देते.

खुराड्यात पक्ष्यामागे तीन ते चार चौरस फूट जागा आणि रात्री बसायच्या दांडीवर आठ ते दहा इंच लांबी धरा. सगळ्या दांड्या एकाच उंचीवर असाव्यात. उंच दांडी एकच असली, तर रोज संध्याकाळी तिच्यासाठी मारामारी होते.

[दृश्य : सकाळ. दोन्ही गट मोकळ्या परसात.]

पहिली भेट मोकळ्या परसात, दिवसाउजेडी, तासाभराचीच. कोथिंबिरीच्या काड्या, कोबीची पानं चार ठिकाणी पसरून टाका. रोज वेळ थोडी वाढवायची. रात्री अंधारात नव्या तलंगा दांडीवर नेऊन ठेवण्याची पद्धत खेड्यापाड्यांत आहे. अंधारात कोंबड्यांना फारसं दिसत नाही, त्यामुळे रात्र शांत जाते. पण ती जाळीनंतरच वापरा आणि फटफटायच्या आत दार उघडा. दार उशिरा उघडलं, तर बंद जागेत सगळ्यांची गाठ पडते.

पिसं उपटली गेली, पाठलाग झाला, तर हात घालू नका. रक्त दिसलं की मात्र क्षणभरही थांबू नये. लाल रंग दिसताच बाकीच्याही तिथेच टोचतात. जखमीला बाहेर काढून जखम धुवा आणि जांभळं औषध लावा, त्याने लाल रंग झाकला जातो. सतत मागे लागणारी एखादीच असेल, तर तिलाच तीन-चार दिवस वेगळी ठेवा. परत आल्यावर तिला आपली जागा नव्याने मिळवावी लागते आणि तिचा जोर ओसरतो. तलंगांबरोबर तरणा कोंबडा मात्र सोडू नका, जुना कोंबडा त्याला टिकू देत नाही.

रोज संध्याकाळी प्रत्येक तलंगेच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपा. ती भरलेली हवी. रिकामी लागली, छातीचं हाड धारदार लागायला लागलं, तर ती उपाशी राहते आहे. तिला वेगळं खाऊ घालायला घ्या.

[दृश्य : दोन खाद्यांच्या गोण्या, शेजारी शिंपल्यांचा चुरा.]

खाद्याचा घोळ इथेच होतो. लेयर, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या, खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं. अंडी न देणाऱ्या तलंगेच्या मूत्रपिंडांना ते झेपत नाही. म्हणून मिसळलेल्या कळपाला सरसकट ग्रोअर, म्हणजे वाढत्या पक्ष्यांचं, खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. अंड्यावरच्या कोंबड्या गरजेपुरता तो खातात. अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमाराला तलंगांचे तुरे लाल होतात, त्या अंडी घालायची जागा शोधू लागतात. तोवर दर चार-पाच कोंबड्यांमागे एक खोकं तुसाने भरून तयार ठेवा. पहिली अंडी दिसली की सगळ्यांना पुन्हा लेयर खाद्य सुरू करा.