सुळा भलत्याच घरात

(दृश्य: टेबलावर वरच्या दातांचा प्लास्टरचा साचा. एक बोट एकेका दातावरून सरकतंय.)

मधोमध सुरुवात करूया. पहिली पटाशी. दुसरी पटाशी. आता सुळा यायला हवा. पण बोट थांबतं ते एका चिमुकल्या दातावर. हा दुधाचा सुळा. मुलीला तेरावं लागलं तरी पडलेला नाही. त्याच्यामागे पहिली उपदाढ, जरा फिरून बसलेली. आणि तिच्याही मागे, दोन उपदाढांच्या मधे, गालाच्या बाजूला हिरडीतून टोक काढून उभा आहे खरा सुळा.

आईला वाटलं होतं, दातावर दात आलाय, तार लावली की बसेल रांगेत. डॉक्टरांनी साचा हातात देऊन दात मोजायला लावले, तेव्हा त्या दोनदा मोजत राहिल्या.

याला म्हणतात ट्रान्सपोझिशन, दातांची अदलाबदल. साधारण हजारात तीन जणांच्या तोंडात ही सापडते. 1995 मध्ये शेल्डन पेक आणि लीना पेक यांनी वरच्या जबड्यातल्या अदलाबदलीच्या 201 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यातल्या 71 टक्के रुग्णांत जोडी हीच होती, सुळा आणि पहिली उपदाढ. खालच्या जबड्यात मात्र सुळ्याची अदलाबदल होते ती बहुधा शेजारच्या पटाशीशी.

सुळाच का? त्याचा कोंब जबड्यात फार वर, नाकाच्या कडेला तयार होतो. तिथून खाली यायला त्याला लांबचा पल्ला, आणि येतोही उशिरा, अकराव्या-बाराव्या वर्षी. उपदाढ बहुतेकदा त्याच्या आधी येऊन बसलेली असते. पण नुसती वाट चुकली एवढंच नाही. अशा मुलांत एखादी पटाशी जन्मतःच नसणं किंवा खुंटीसारखी बारीक असणं जास्त दिसतं. म्हणजे गोष्ट आनुवंशिकतेपर्यंत जाते. लहानपणी अंगठा चोखला म्हणून मुलीला बोल लावू नये.

(दृश्य: उजळलेल्या पडद्यावर ओपीजी, म्हणजे संपूर्ण जबड्याचा एक्स-रे.)

तोंडात दिसतो तो फक्त दाताचा माथा. डॉक्टर बघतात मुळं. कधी माथे एकमेकांना ओलांडून गेलेले असतात, पण मुळं आपापल्या जागी असतात. ती अर्धी अदलाबदल. दात तिरका झालाय, सरळ करता येतो. इथे मुळंही ओलांडून गेली आहेत. कुठलं मूळ गालाकडे, कुठलं टाळूकडे, हे सपाट एक्स-रेवर नीट कळत नाही, म्हणून सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे स्कॅन.

आता आईचा सरळ प्रश्न: "डॉक्टर, दोघांना आपापल्या जागी नाही का नेता येणार?"

नेता येतं. पण जबड्याचं हाड इथे अरुंद असतं, आणि सुळ्याचं मूळ तोंडातलं सगळ्यात लांब. दोन मुळं एकमेकांना घासून पलीकडे न्यायची, तीही महिन्याला जेमतेम एक मिलिमीटरच्या चालीने. त्यात मूळ झिजू शकतं, बाहेरचं पातळ हाड विरू शकतं, हिरडी खाली सरकून दात उघडा पडू शकतो. रांग पुस्तकासारखी झाली, पण दात डगमगला, तर काय उपयोग?

हेच नवव्या-दहाव्या वर्षी हाती लागलं असतं तर चित्र वेगळं होतं. त्या वयात डॉक्टर दुधाच्या सुळ्याच्या वर हिरडीवरून बोट फिरवतात. येऊ घातलेल्या सुळ्याचा उंचवटा तिथे लागला नाही, तर एक्स-रे काढतात. मुळं वाढायच्या आत दुधाचा दात काढून, जागा करून सुळ्याला वळवता येतं.

या मुलीसाठी ठरलं ते असं: अदलाबदल तशीच ठेवायची. दुधाचा सुळा काढायचा, उपदाढ त्या जागी पुढे आणायची, थोडी फिरवायची, तिचं आतलं टोक जरा घासायचं आणि बाहेरच्या टोकाला कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरण, लावून सुळ्याचा आकार द्यायचा. खरा सुळा तिच्या मागे रांगेत. जबडा बाजूला सरकतो तेव्हा एरवी सुळा घेतो तो भार एकट्या उपदाढेवर येऊ नये, म्हणून मागच्या दातांत वाटून द्यायचा. दोन-अडीच वर्षं तार.

(दृश्य: खुर्ची. "आ कर बाळा, झालंच.")

दुधाचा सुळा निघाला. त्याला मूळ जवळजवळ पूर्ण शाबूत. आईने तो कापसात गुंडाळून पर्समध्ये टाकला, छपरावर फेकायला. बाहेर पडता पडता मुलगी म्हणाली, "आई, आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो. छप्पर कुठंय?"