निवासी शाळेचा दिनक्रम आणि मुलांचे आरोग्य

उपस्थित गृहपाल, अधीक्षिका, क्रीडाशिक्षक आणि पालकहो,

वसतिगृहातील मुलांच्या आरोग्याविषयी बोलायचे तर कोल्हापूरला फार लांबचे दाखले शोधावे लागत नाहीत. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ साली येथे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले, पुढे निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली, आणि १९१२ साली त्याच राजाने खासबागेचे कुस्ती मैदान खुले केले. पुस्तक आणि आखाडा या दोहोंची काळजी एकाच दरबारातून वाहिली गेली, अशा या शहरात शाळेचे आरोग्य म्हणजे कपाटातील ढाली आणि क्रीडादिनाचे संचलन एवढेच उरावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

गंगावेश किंवा मोतीबाग तालमीतला मल्ल तालमीतच राहतो, म्हणजे तालीम हीदेखील एक निवासी शाळाच आहे. तेथला वस्ताद पठ्ठ्याचे जोर-बैठका मोजतो, त्याचबरोबर तो किती जेवला, खुराक पचला का, दुपारी झोपला का, याचीही चौकशी करतो, कारण मेहनत, खुराक आणि विश्रांती यांतले एक जरी कमी पडले तरी अंग धरत नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. आपण शाळेत यांतली फक्त मेहनत उचलली, आणि तीही पुष्कळदा शिक्षा म्हणून. प्रार्थनेला उशीर झाला की उठाबशा आणि गृहपाठ राहिला की मैदानाला फेऱ्या, असे चालत राहिले तर व्यायामाविषयी मुलाच्या मनात गोडी कोठून येणार? ही प्रथा आजच बंद करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे तरी दम लागेल अशी हालचाल करावी, आणि त्यात आठवड्यातून किमान तीन दिवस हाडे व स्नायू बळकट करणारे व्यायाम असावेत. ही शिफारस सर्व मुलांसाठी आहे. आपल्याकडे संघात निवडलेली पंधरा-वीस मुले दोन-दोन तास खेळतात आणि बाकीची कठड्यावर बसून टाळ्या वाजवतात. पेठापेठांच्या तालमींचे फुटबॉल संघ ज्या शहरात आहेत, तेथे चेंडूची आवड लावावी लागत नाही. लहान मैदानांवर सात-सात जणांचे संघ पाडले, तर कठडा आपोआप रिकामा होतो.

झोपेची गोष्ट याहून अवघड आहे. किशोरवयीन मुलाला रात्री आठ ते दहा तास झोप लागते. रात्री साडेदहापर्यंत सक्तीची अभ्यासिका आणि पहाटे पाचला घंटा, असे वेळापत्रक असेल तर जेमतेम साडेसहा तास उरतात. शरीराची वाढ घडवणारे संप्रेरक गाढ झोपेत अधिक स्रवते, आणि नेमकी तीच झोप आपण दहावीच्या निकालाच्या काळजीपोटी कापतो.

आता भोजनगृहात येऊ. मटकीची उसळ ताटाच्या कडेला सारून भाकरी किंवा चपाती चहात बुडवून खाणारी मुलगी प्रत्येक मेसमध्ये दिसते. जेवणासोबतच्या चहामुळे अन्नातील लोह कमी अंगी लागते. लिंबाची फोड पिळली तर तेच लोह अधिक शोषले जाते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. त्यामुळे दोन फेऱ्यांत धाप लागून खाली बसणाऱ्या मुलीला आळशी म्हणण्याआधी तिचे हिमोग्लोबिन तपासावे. शासनाकडून येणारी लोहाची साप्ताहिक गोळी कपाटात न ठेवता, ठरलेल्या वारी, जेवणानंतर, शिक्षकांच्या देखत दिली गेली पाहिजे; उपाशीपोटी दिली की मळमळते आणि पुढच्या आठवड्यात मुली ती गुपचूप फेकून देतात.

खरजेविषयी दोनच वाक्ये सांगतो. एका मुलाला ती झाली की खोलीतल्या सर्वांवर एकाच वेळी उपचार करावेत आणि अंथरूण-कपडे गरम पाण्यात धुवावेत, नाहीतर ती पुन्हा फिरून येते. मूल लाजेने ती लपवते, म्हणून विचारणाऱ्याचा सूर मायेचा असावा लागतो.

शेवटी मुलींच्या मैदानाविषयी. सायंकाळी मुले मैदान व्यापतात आणि मुलींना अंधार पडायच्या आत खोलीत बोलावले जाते; पाळीच्या दिवसांत तर त्यांनी खेळूच नये असे गृहीत धरले जाते. तसे कोणतेही वैद्यकीय कारण नाही. ज्या मुलीला त्रास होत असेल तिला विश्रांती द्यावी, पण जिला खेळावेसे वाटते तिला अडवू नये. येत्या जूनचे वेळापत्रक लावताना मुलींचा मैदानाचा तास सर्वांत आधी लिहावा आणि अभ्यासिकेच्या वेळा त्यानंतर बसवाव्यात, एवढे प्रत्येक गृहपालाने करावे.