तांब्याच्या शहरातली माणसं

नमस्कार, श्रोतेहो.

आज सॅमी बालोजी या काँगोच्या कलावंताच्या ‘मेम्वार’ या व्हिडिओबद्दल बोलणार आहे. तो इथे दाखवता येणार नाही, पण त्याचा निम्मा जीव आवाजात आहे, म्हणून रेडिओवर त्याची गोष्ट सांगाविशी वाटली.

आफ्रिकेतल्या काँगो देशाच्या दक्षिण भागात, झांबियाच्या सीमेजवळ लुबुंबाशी नावाचं शहर आहे. बेल्जियमच्या लोकांनी ते १९१० मध्ये वसवलं आणि त्याला आपल्या राणीचं नाव दिलं, एलिझाबेथव्हिल. जुन्या श्रोत्यांना हे नाव आठवत असेल. १९६१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या फौजेतले आपले कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया तिथेच धारातीर्थी पडले, आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं.

हे शहर उभं राहिलं ते तांब्यावर. १९०६ मध्ये स्थापन झालेली ‘युनियन मिनिएर’ ही कंपनी खाणी चालवायची, भट्ट्या चालवायची. कामगारांना घर, दवाखाना, पोरांना शाळा, मक्याच्या पिठाचं रेशन, सगळं कंपनीचं. कंपनी म्हणजे बापच, असं तिथले लोक म्हणत. आणि याच शहरात डिसेंबर १९४१ मध्ये पगारवाढीसाठी संप करणाऱ्या काळ्या कामगारांवर गोळ्या झाडल्या गेल्या. कित्येक माणसं जागीच मेली.

१९६० मध्ये देश स्वतंत्र झाला. पुढे हुकूमशहा मोबुटूंच्या राजवटीत कंपनी सरकारच्या ताब्यात गेली आणि पुढे तिचं नाव जेकामीन झालं. १९८० च्या दशकात ती वर्षाला चार लाख टनांहून जास्त तांबं काढत होती. नव्वदीत उत्पादन त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शावर आलं. महिनोन्‌महिने पगार थकले. २००३ मध्ये जागतिक बँकेच्या पैशातून स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि दहा हजारांवर कामगार घरी गेले.

सॅमी बालोजी हा कलावंत याच शहरातला, १९७८ चा जन्म. या कंपनीच्या बंद पडलेल्या कारखान्याचे त्याने रंगीत फोटो काढले आणि त्यांवर वसाहतकाळातल्या कृष्णधवल फोटोंतली माणसं आणून उभी केली. मागे गंजलेल्या शेड, पुढे रांगेत उभे खाणकामगार, कॅमेऱ्याकडे बघणारे. हे जुने फोटो मुळात गोऱ्या साहेबांच्या नजरेने काढलेले. त्यांतल्या मजुरांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

मग २००६ मध्ये त्याने ‘मेम्वार’, म्हणजे ‘स्मृती’, हा व्हिडिओ केला. त्यात फॉस्टिन लिन्येकुला हा काँगोचा नर्तक त्याच पडक्या कारखान्यात नाचतो. त्याला साथ असते ती पुढाऱ्यांच्या भाषणांची. देश घडवायची, समृद्धीची, एकजुटीची भाषा ऐकू येत राहते आणि समोर रिकामा कारखाना दिसत राहतो. मला हे फार अस्वस्थ करतं. गंजलेले अवशेष सुंदर दिसतात, आणि जगभरचे फोटोग्राफर त्या सौंदर्यावर भाळून माणसं चौकटीबाहेर ठेवतात. बालोजी तसं करत नाही. त्याच्याकडे कारखान्यात माणूस असतोच, आणि तो माणूस दमलेला असतो. शिवाय सगळा दोष गोऱ्यांच्या माथी मारून तो मोकळा होत नाही. स्वातंत्र्यानंतर आपल्याच लोकांनी दिलेली आश्वासनंही तो तितक्याच कठोरपणे ऐकायला लावतो.

२०१७ मध्ये त्याने आणखी एक फिल्म केली. तिच्यात लुबुंबाशीच्या कारखान्यात तांब्याची तार ओढली जाताना दिसते. तापलेला लालबुंद धातू यंत्राच्या रोलरांमधून सरकतो, बारीक होत जातो, कामगार त्याच्या बाजूने वावरत असतात. आणि कानावर येतं चर्चमधलं समूहगान. वसाहतीच्या काळात या शहरात मिशनऱ्यांनी काळ्या मुलांचं एक गायकवृंद उभं केलं होतं, त्याच्या नावात तांब्याचा क्रूस होता. गंमत अशी, की तांब्याचे क्रूस या मुलखात गोरे येण्याआधीपासून चलन म्हणून वापरात होते. धर्म, पैसा आणि मजुरी तिथे एकाच धातूतून गेली, हे बालोजी दाखवतो.

त्याचं काम युरोपातल्या मोठमोठ्या प्रदर्शनांत गेलं. तरीही २००८ मध्ये बालोजी आणि त्याच्या मित्रांनी लुबुंबाशीतच ‘पिचा’ ही संस्था उभी केली, आणि तिथल्या तिथे कलेची द्वैवार्षिक प्रदर्शनं भरवायला सुरुवात केली. मला त्याची ही गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते. ज्यांच्या आजोबांनी त्या भट्ट्यांत घाम गाळला, त्या मुलांना हे पाहण्यासाठी ब्रुसेल्सचा व्हिसा लागत नाही.