लिव्हरमध्ये गळू झालंय, पण अमिबा नाही. मग काय?

नमस्कार. थंडी वाजून ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं, भूक गेलेली. मलेरिया, डेंग्यूचे रिपोर्ट नॉर्मल. मग सोनोग्राफीत लिव्हरमध्ये गळू दिसतं. माणूस एरवी धडधाकट; डायबिटीस नाही, दारू नाही, पित्ताचे खडे नाहीत.

आपल्याकडे पहिला संशय अमिबावर जातो, आणि तो रास्त आहे. त्यावरचं औषध, मेट्रोनिडाझोल, सुरू होतं. पण तीन-चार दिवसांनीही ताप हटत नसेल, तर एका जंतूचा विचार व्हायलाच हवा: स्ट्रेप्टोकॉकस इंटरमिडियस.

हा तोंडात, घशात, आतड्यात निमूट राहणारा जंतू. हिरड्या सुजल्या, दाताच्या मुळाशी पू झाला, की तो रक्तात शिरू शकतो. अशा जंतूंना लिव्हरमधल्या पेशी सहसा गिळून टाकतात. याच्याकडे मात्र इंटरमिडिलायसिन नावाचं विष आहे, आणि ते खास माणसाच्याच पेशींना भोकं पाडतं. 1996 साली जपानी संशोधकांनी त्याचं वर्णन केलं, तेसुद्धा लिव्हरच्या गळवातून काढलेल्या जंतूवरून!

मेट्रोनिडाझोलचा याच्यावर उपयोग होत नाही. पेनिसिलिन, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनने तो बहुतेक वेळा मरतो. म्हणजे औषध साधंच आहे, जंतू ओळखणं महत्त्वाचं.

असं गळू करणारा दुसरा जंतू म्हणजे दातांवरच्या किटणात राहणारा फ्युसोबॅक्टेरियम. त्याचं उलटं. त्याच्यावर मेट्रोनिडाझोल चालतं, त्यामुळे पेशंट बरा होतो आणि अमिबाच होता असा समज होऊ शकतो. शिवाय त्याला ऑक्सिजन सोसत नाही. पू साध्या उघड्या बाटलीतून लॅबला गेला, तर कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, काहीच उगवत नाही. रिपोर्टवर ‘नो ग्रोथ’ येतं, आणि त्यावरून जंतूच नाही असं कुणी धरून चालू नये.

म्हणून पेशंटची तब्येत थांबण्याजोगी असेल, तर अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी ब्लड कल्चर घ्यायला सांगा. पू काढला, तर अ‍ॅनएरोबिक (ऑक्सिजनशिवाय केलेलं) कल्चरही होणार आहे का, हे डॉक्टरांना बिनधास्त विचारा. मोठं गळू असेल तर सोनोग्राफीत बघून नळी घालतात, आणि औषध बहुतेकदा चार ते सहा आठवडे चालतं. ताप उतरला म्हणून मध्येच सोडू नका, कळकळीने सांगतेय.

आणि हो, दातांच्या डॉक्टरांकडे जाच. तोंडात कारण सापडलं नाही, तर कोलोनोस्कोपीबद्दल (दुर्बिणीने मोठं आतडं तपासण्याबद्दल) विचारा. कधीकधी मोठ्या आतड्यातला, तोवर काहीच त्रास न दिलेला कॅन्सर अशा गळवामुळेच लक्षात येतो.