पन्हळ, पाचोळा आणि जाळी

(दृश्य: मे अखेरची दुपार. कौलारू घराला टेकवलेली शिडी. मागे आंब्याची दाट सावली.)

मृग जवळ आला की कोकणातल्या वाडीत घरटी एक माणूस छपरावर दिसतो. फुटकी कौलं बदलली जातात, सरपण पडवीत येतं, पावसाच्या बाजूला झडपा बांधल्या जातात. या धांदलीत पन्हळ हमखास मागे राहते. ती वर, कौलांच्या कडेला, खालून दिसत नाही. जूनच्या पहिल्या जोरदार सरीत पाणी पाइपातून न येता भलतीकडूनच धो धो कोसळायला लागतं, तेव्हा घरात कोणीतरी विचारतं, ‘अरे, पन्हळ साफ केली होती ना?’

जुन्या घरांना हा प्रश्न फारसा पडत नसे. छपराची वळचण चांगली पुढे आलेली असायची. पागोळ्या सरळ अंगणात पडायच्या आणि पाणी आपल्या वाटेनं परड्यात जायचं. पन्हळ लागायची ती दोन छपरं जिथे एकमेकांना मिळतात तिथे. पोफळीचं खोड उभं चिरून, आतला गाभा काढून ती केलेली असे. पुढे घराला घर लागलं, अंगणात फरशी आली, गच्चीवर पत्र्याची शेड चढली. पागोळ्यांचं पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर उडायला लागलं, आणि पत्र्याची किंवा पीव्हीसीची पन्हळ घराच्या चारी बाजूंना फिरली.

तिच्यावर किती भार येतो, ते पाहू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. घराचं छप्पर 100 चौरस मीटरचं आणि दिवसाचा पाऊस 100 मिलिमीटर धरला, तर 10,000 लिटर पाणी पन्हळीतून जायला हवं. हवामान खात्याच्या भाषेत हा नुसता ‘जोरदार’ पाऊस. 115 मिलिमीटरच्या पुढे तो ‘अतिजोरदार’ होतो, आणि कोकणात जुलैमध्ये असे दिवस नवलाईचे नाहीत. शिवाय हा पाऊस चोवीस तासांत सारखा वाटून येत नाही. निम्मा दिवस उघडीप, आणि मग तासाभरात सगळा हिशेब चुकता!

(दृश्य: पन्हळीचा कॅमेऱ्याजवळून घेतलेला भाग. हातमोजा घातलेला हात पाइपाच्या तोंडाशी.)

हे पाइपाचं तोंड. तुंबण्याची सुरुवात बहुतेक वेळा इथूनच होते. वरच्या थरात आंब्याची सुकी पानं. ती जाड, चामड्यासारखी, लवकर कुजत नाहीत. त्याखाली आधीच्या वर्षीची पानं. त्यांचा गर गेलाय, नुसत्या शिरांची जाळी उरलीय. त्याखाली कौलांचा लाल चुरा, शेवाळ आणि धूळ मिळून झालेला काळा चिखल. पक्ष्याच्या विष्ठेतून पडलेलं पिंपळाचं बी त्यात रुजलंय. रोप वीतभरच आहे, पण मूळ पत्र्याच्या सांध्यात शिरलंय. ते ओढून काढलं की सांधा उघडा पडणार, आणि ठेवलं की सांधा फाटणार.

तोंड बंद झालं की पन्हळ भरते. सहा इंच रुंद, पाच इंच खोल आणि तीस फूट लांब पन्हळ काठोकाठ भरली, तर आतल्या पाण्याचं वजन जवळपास पावणेदोनशे किलो. तिला धरून ठेवणारे क्लॅम्प वाकतात, पन्हळ मधोमध झोळते, आणि त्या झोळात पाणी कायमचं साचतं. पाणी मागच्या बाजूनं चढलं तर वाशांची टोकं आणि रिपा भिजतात. भिजलेलं लाकूड वाळवीला लगेच सापडतं. श्रावणात चार दिवस ऊन पडलं की याच साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची पैदास होते. अंड्यापासून डास व्हायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात. आपण खाली कुंड्यांच्या ताटल्या रिकाम्या करत असतो, आणि डास येतात वरून.

म्हणून जाळी. तिचे प्रकार बरेच. लोखंडी किंवा प्लॅस्टिकची मोठ्या भोकांची जाळी, स्टेनलेस स्टीलची चाळणीसारखी बारीक जाळी, पन्हळीत आडवा ठेवायचा लांब ब्रश, स्पंजासारखा फोम, आणि पाणी वळवून आत घेणारं पत्र्याचं झाकण. इंटरनेटवर दिसणाऱ्या बहुतेक जाहिराती अमेरिकेतल्या. तिथला त्रास बर्फाचा आणि पाइनच्या सुयांचा. आपल्याकडच्या सरी आणि आपली झाडं वेगळी आहेत.

फोम इथे नकोच. तो ओला राहतो, त्यात माती अडकते, आणि दुसऱ्या पावसाळ्यात वर हिरवळ उगवते. ब्रशात पानं अशी गुंततात की ती सोडवण्यापेक्षा मोकळी पन्हळ साफ करणं सोपं. बारीक जाळी दिसायला देखणी, पण उतरत्या कौलांवरून वेगानं आलेलं पाणी तिच्यावरून घसरून पुढे उडी मारतं. वर शेवाळाचा पातळ थर बसला की विचारूच नका. आमचा कौल साध्या, अर्धा इंची भोकांच्या जाळीला. तिच्यातून चिंचेची पानं आत जातात, गुलमोहराची जातात. जाऊ देत. ती बारीक असतात, पहिल्या मोठ्या सरीबरोबर पाइपातून निघून जातात. अडवायची आहेत ती आंब्या-फणसाची पानं, काटक्या, आणि माडाची गळलेली बारकी फळं.

अपवाद आहेत. किनाऱ्यावर सुरूचं बन घराला लागून असेल, तर त्या सुया मोठ्या भोकांत उभ्या रुततात आणि त्यांचा गालिचा तयार होतो. तिथे बारीक जाळी बरी. आणि दारात साग असेल, तर जाळी कुठलीही लावा, सागाचं एक ओलं पान फूटभर जाळी झाकून टाकतं. तिथे दर आठवड्याला हात फिरवण्याला पर्याय नाही.

(दृश्य: फॅब्रिकेटर जाळी कापतोय. पत्र्याच्या कात्रीचा आवाज.)

जाळी लावण्याआधी पन्हळीचा उतार तपासायचा. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी दोन्ही टोकांना धरली की काम होतं. तीस फुटांना दीड ते दोन इंच उतार हवा. पन्हळ सपाट असेल किंवा मध्येच झोळली असेल, तर जाळीचा खर्च पाण्यात. आधी क्लॅम्प दोन-दोन फुटांवर घ्या, सांध्यांना सिलिकॉन भरा, मग पुढचं.

किनाऱ्याजवळची हवा खारी. साधी जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची जाळी तिथे लवकर गंजते, आणि गंजाची लाल पापुद्री पन्हळीत पडून नवा कचरा होतो. स्टेनलेस घ्यायची तर 304 पेक्षा 316 या प्रकारची खाऱ्या हवेत जास्त टिकते, पण महाग पडते. जाड प्लॅस्टिकची जाळी स्वस्त. मात्र उन्हानं ती कडक होते, म्हणून दोन-तीन वर्षांनी बदलायची तयारी ठेवा.

जाळी तीन-चार फुटांच्या तुकड्यांतच कापायची. एकसंध तीस फूट जाळी बसवताना झकास दिसते, पण पुढे ती उचलणार कोण? मागची कड कौलाच्या पहिल्या ओळीखाली सरकवायची, पुढची कड पन्हळीच्या ओठावर तारेनं किंवा क्लिपांनी अडकवायची. स्क्रू मारून कायमची बसवू नका. जाळी किंचित बाहेरच्या बाजूला उतरती हवी, म्हणजे सुकलेलं पान वाऱ्यानं खाली पडतं. कौलं नागमोडी असल्यानं मागे फटी राहतात आणि त्यांतून खारी आत शिरतात. तिथे जाळीची कड वळवून फट बुजवायची. पाइपाच्या तोंडात तारेचा घुमटासारखा गोळा वेगळा बसवायचाच. पैसे कमी असतील तर नुसता हा गोळा लावा. निम्मं काम त्यानं होतं.

आता जाळीवाला दुकानात जे सांगत नाही ते. जाळी लावली म्हणून साफसफाई सुटत नाही. पाचोळा आत साचायचा, तो आता वर साचतो, एवढाच फरक. पण हा फरक मोठा आहे. वरचा पाचोळा लांब काठीला बांधलेल्या खराट्यानं जमिनीवरून लोटता येतो. शिडीवर चढून हातानं चिखल उपसावा लागत नाही. दर वर्षी मे-जूनमध्ये छपरावरून पडून माणसं जायबंदी होतात, हे वाडीतल्या कोणालाही ठाऊक आहे. चढावंच लागलं, तर चार फूट उंचीला एक फूट या हिशेबानं शिडीचा पाय भिंतीपासून दूर ठेवा, खाली माणूस उभा करा, आणि घरावर येणारी विजेची वायर आधी बघून घ्या.

वेळापत्रक पावसाच्याच चालीनं. मे अखेरीस जाळी उचलून आतला गाळ काढायचा आणि बादलीभर पाणी ओतून पाइप वाहतो का ते बघायचं. मृगाच्या वाऱ्यात काटक्या झडतात, म्हणून जूनच्या मध्याला एकदा खराटा. श्रावणाच्या उघडिपीत एकदा. हस्ताचा पाऊस गडगडाटी, सोसाट्याचा. तो संपल्यावर शेवटचा.

छपराचं पाणी विहिरीत किंवा टाकीत सोडणाऱ्यांनी एक जास्तीची काळजी घ्यायची. पहिल्या एक-दोन पावसांत छपरावरची धूळ आणि विष्ठा वाहून येते. ते पाणी जाळी अडवत नाही. पाइपाला खाली टोपण ठेवून ते बाहेर सोडा, मग विहिरीकडे वळवा. एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहणाऱ्या गावांत एवढा खटाटोप परवडतो.

दिवाळीनंतर जाळी काढून ठेवायची की तशीच राहू द्यायची, याबद्दल दोन मतं आहेत. आंब्याची पानं उन्हाळ्यातही झडतच असतात, त्यामुळे स्टीलची राहू द्या. प्लॅस्टिकची मात्र काढून माळ्यावर टाका, ऊन तेवढंच वाचेल. काढताना प्रत्येक तुकड्यावर ऑइलपेंटनं आकडा घाला. जुन्या घराची वळचण कुठेच सरळ नसते, आणि तिसऱ्या जागेचा तुकडा पाचव्या जागी बसत नाही.