घरीच असायची

नमस्कार श्रोतेहो.

मोटार अपघाताचा क्लेम दाखल करायला माणसं माझ्या ऑफिसात येतात. कुणाची बायको गेलेली असते. अर्जात मयताचा व्यवसाय लिहायचा असतो, म्हणून विचारावं लागतं, "वहिनी काय करायच्या?" उत्तर ठरलेलं. "काही नाही मॅडम, घरीच असायची." हेच वाक्य उलटतपासात आलं, की विमा कंपनीच्या वकिलांचं निम्मं काम झालं.

पगार नसलेल्या बाईच्या कामाचं मोल किती धरायचं, हे कोडं न्यायालयांपुढे जुनंच आहे. १९८९च्या मार्चमध्ये जमशेदपूरला पोलाद कारखान्याच्या समारंभात आग लागली. गेलेल्यांत गृहिणीही होत्या. भरपाई ठरवायचं काम सर्वोच्च न्यायालयाने माजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्याकडे सोपवलं. त्यांनी गृहिणीच्या कामाचं मोल धरलं वर्षाला १२,००० रुपये. २००१ मध्ये न्यायालयाला ते फारच तोकडं वाटलं आणि ३४ ते ५९ वयाच्या गृहिणींसाठी महिन्याला ३,००० ठरले. पुढे २०२१च्या एका निकालात सरकारी पाहणीचा दाखला आला: घरकामात बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषाची ९७. गृहिणीचं उत्पन्न धरताना भविष्यातली वाढही धरायची, हे त्याच निकालात पक्कं झालं.

आता हिशेब बघा. बाईंचं वय ३८, कामाचं मोल समजा महिना ६,००० धरलं. चाळिशीच्या आत म्हणून ४० टक्के वाढ, झाले ८,४००. मागे नवरा आणि दोन मुलं, म्हणून एक तृतीयांश वजा. उरले ५,६००, वर्षाचे ६७,२००. वर्षाची रक्कम वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायची; या वयाचा हा गुणक १५. झाले १०,०८,०००. अंत्यविधी वगैरेच्या ठरावीक रकमा वेगळ्या.

वजा झालेला तिसरा हिस्सा कशाचा? बाई स्वतःवर खर्च करायची, त्याचा! सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणारी बाई. नियम आहे, मी वाद घालत नाही.

मी मात्र प्रश्न बदललाय. परवा एकांना विचारलं, "पहाटे पाणी कोण भरायचं?"

"तीच."

"आईंना दवाखान्यात कोण न्यायचं?"

"तीच की."

"आणि आता?"

ते जरा थांबले. "थोरली करते. तिची शाळा सुटली, मॅडम."

ते मी प्रतिज्ञापत्रात तसंच्या तसं लिहून घेतलं.